शिमग्याआधीचे किनारे

मैत्रिणीची अट एकच होती. घोडागाडी, उंट, पॅराशूट किंवा गावाच्या नावापुढे लाल बदाम काढलेली मोठाली अक्षरं, यांतलं काहीही जिथे असेल तिथे गाडी थांबणार नाही. बाकी रस्ता, मुक्काम, जेवण सगळं माझ्यावर सोपवलेलं. ती बँकेतून निवृत्त झालेली आहे. नव्वदच्या दशकात तिची काही वर्षं राजापूर तालुक्यातल्या एका शाखेत गेली आणि तिथली गावं तिच्या डोक्यात अजूनही कर्जखात्यांच्या क्रमाने बसलेली आहेत. अमक्या वाडीत कलमांचं कर्ज, तमक्या वाडीत होडीचं इंजिन, पलीकडे दुभत्या म्हशी. वसुलीच्या निमित्ताने ती या किनारपट्टीत भरपूर फिरली. पण ऑफिसच्या जीपमधून, बरोबर शिपाई घेऊन. वाळूत पाऊल ठेवलेलं नाही. "समुद्र दिसायचा गं, पण कुणाच्या तरी पडवीतून, चहा पिताना," असं ती सांगते. पूर्णगडच्या अलीकडच्या एका वळणावर ती सहज म्हणाली, "इथून पुढे थकबाकी सुरू."

बेत असा होता की रत्नागिरी सोडायची, सागरी महामार्ग धरायचा आणि मालवणच्या थोडं अलीकडे थांबायचं. फेब्रुवारी संपत आला होता. आंब्याला मोहोर होता, काही कलमांवर कैरी धरली होती. शिमग्याला अवकाश होता, त्यामुळे वाड्यांमधून दर चार घरांमागे एखाद्या दाराला कुलूप. या कुलपांकडे आधी आमचं लक्ष नव्हतं. आम्ही किनारे बघायला निघालो होतो.

हा पट्टा शांत का राहिला, याचं पहिलं उत्तर नकाशातच आहे. मुंबई-गोवा महामार्ग लांजा, राजापूर, कणकवली असा समुद्रापासून बराच आत चालतो. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सलग सुरू झाली, तीही आतूनच. स्टेशनवर उतरलं की किनारा तीस-चाळीस किलोमीटर आणि तेही घाटासारख्या वळणांचे. अलिबाग, मुरूड, दिवेआगर इथे मुंबई-पुण्याची माणसं शनिवारी निघून रविवारी परततात. तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग आलं, पुढे तर गोवाच आहे. या दोहोंच्या मधला राजापूर-देवगडचा किनारा गाडीच्या काचेतूनही कुणाला दिसत नाही. त्यात खाड्या. शाळेत आपण महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर असं पाठ केलं. अलीकडच्या फेरमोजणीत प्रत्येक वळण आणि फाटा बारकाईने धरल्यावर तो आकडा ८७७ च्या पुढे गेला. किनारा वाढला नाही, फूटपट्टी बारीक झाली. पण इथे गाडी चालवताना तो वाढलेला आकडा पटतो. समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला खाडीला वळसा घालून अर्धा-पाऊण तास लागतो.

रेवसपासून रेडीपर्यंत सागरी महामार्गाची कल्पना बॅ. अंतुले यांच्या काळातली, म्हणजे चाळीस वर्षांहून जुनी. रस्ता झाला, पण तुकड्यांनी. मोठ्या खाड्यांवरचे पूल राहून गेले आणि उत्तरेकडे अजूनही वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. आता त्या पुलांची कामं रस्ते विकास महामंडळाने हाती घेतली आहेत. ते पुरे झाले की या लेखातली अर्धी गावं 'अपरिचित' राहणार नाहीत. एखाद्या गावातली बाळंतीण पूल नसल्यामुळे दवाखान्यात उशिरा पोचते, तेव्हा आमच्यासारख्या पाहुण्यांनी शांततेच्या नावाने उसासे टाकू नयेत, हे मैत्रिणीने मला पहिल्याच दिवशी बजावलं. ते मला मान्यही होतं. तरीही मनातून मी पुलांच्या विरुद्ध होते.

गावखडीला सुरूच्या बनातून खाली उतरलो आणि मैत्रीण म्हणाली, "ही वाळू काळी का दिसते?" रत्नागिरीच्या आसपासच्या कितीतरी पुळणींवर वाळूत इल्मेनाइट नावाचं जड, काळं खनिज असतं. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट झिजून नद्यांनी आणलेलं. लाट मागे सरकली की हलकी पांढरी वाळू वाहून जाते आणि हा काळा थर रेघोट्यांसारखा मागे उरतो. दक्षिणेला सिंधुदुर्गात जावं तसा खालचा खडक बदलतो, बेसाल्ट संपून जुने, फिकट दगड लागतात आणि वाळू उजळत जाते. तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूचं कौतुक होतं त्याचं मूळ यात आहे. आम्ही रोज वाळूची चिमूट घेऊन बघत होतो आणि तीन-चार गावांनंतर तो फरक उन्हातही कळायला लागला.

कोकणातल्या पुळणी बहुतेक आखूड असतात, हेही इथे नीट दिसतं. जांभ्याचा सडा समुद्रापर्यंत येतो आणि कड्याने संपतो. दोन कड्यांच्या मधे जिथे एखादा वहाळ किंवा नदी उतरते तिथेच वाळू साठते. त्यामुळे प्रत्येक पुळण एकाच गावाची असते. तिच्या मागे त्या गावचं सुरूबन, माडाची आगरं, मग वस्ती, आणि कड्यावर किंवा टोकाला देऊळ. शेजारच्या गावचा माणूस तिथे कामाशिवाय येत नाही. अशा जागी गाडी लावून दोन बायका चालत निघाल्या तर बघणारं कुणी नाही असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात सुरूच्या काटक्या गोळा करणाऱ्या बाईने गाडीचा नंबर आधीच पाहिलेला असतो. दुपारपर्यंत वाडीला कळलेलं असतं. "दोघीच आलात?" हा प्रश्न आम्हाला सगळीकडे विचारला गेला. त्यात धाक नव्हता, संशयही नव्हता. घरची माणसं कुठे आहेत एवढंच जाणून घ्यायचं असे. मैत्रिणीचं उत्तर तयार होतं : "त्यांना सुट्टी दिली."

वेत्ये हे आडिवऱ्याजवळचं गाव. इथल्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. आम्ही गेलो तेव्हा जाळीने घेरलेल्या एका चौकोनात वाळूवर टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या आणि प्रत्येकीशेजारी काठीला तारखेची पाटी. कासवाची मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून निघून जाते. पहाटे कासवमित्र मागोवा काढत तिथे पोचतो, अंडी उचलतो आणि या कुंपणात तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरतो. नाहीतर कोल्हे-कुत्रे उकरतात. पूर्वी माणसंही उकरत. पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं वर येतात. वाळू किती तापली यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. जास्त ऊब मिळाली तर माद्या अधिक. इथे मैत्रिणीने बँकेच्या सवयीने विचारलं, "मग उन्हाळे वाढत गेले तर नर उरायचे कुठून?" कासवमित्र हसला. म्हणाला, म्हणून तर कुंपणावर शाकारणी घालतो.

कोकणातलं हे काम चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला सुरू केलं. ते लोक खरं तर समुद्री गरुडाची घरटी मोजायला गेले होते. वाळूत कासवाची रिकामी, फोडलेली घरटी दिसली आणि काम तिकडे वळलं. पुढे वन विभाग आणि कांदळवन कक्ष त्यात आले. आज रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत डझनावारी गावांत अशी कुंपणं आहेत. वेळासला कासव महोत्सव होतो, घराघरांत पाहुणे राहतात, गर्दी होते. वेत्ये, गावखडी, माडबन, तांबळडेग, मुणगे इथे तेच काम फारशी गर्दी न होता चालतं. २०२२ पासून काही माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली गेली. गुहागरला सोडलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली, तेव्हा पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवं वेगवेगळी असा जो समज होता त्याला धक्का बसला.

संध्याकाळी टोपली उचलली तेव्हा खाली वाळू हलत होती. पंधरा-वीस पिल्लं. पाण्यापासून थोड्या अंतरावर त्यांना सोडायचं आणि मधे कुणी उभं राहायचं नाही, एवढाच नियम. फ्लॅश नको. पिल्लू क्षितिजावरच्या उजेडाच्या रोखाने चालतं आणि पूर्वी रात्रीच्या किनाऱ्यावर तो उजेड समुद्राकडेच असे. मागे हॉटेलचा दिवा असेल तर ते उलट रस्त्याकडे निघतं. अंडी घालणारी मादीही उजेड आणि हालचाल दिसली की अर्ध्यातून परत फिरते. इथे किनारा अंधारा असणं ही पर्यटकाची आवड-निवड नाही, कासवाची गरज आहे. कासवमित्राला मानधन थोडं मिळतं; तो म्हणाला की यापेक्षा आंब्याच्या बागेत राखणीला जास्त मिळतं, पण राखण करणारा दुसरा मिळेल.

कशेळीबद्दल थोडक्यात. इथलं कनकादित्याचं सूर्यमंदिर जुनं आहे आणि शिलाहार राजा भोजाचा बाराव्या शतकातला ताम्रपट देवस्थानाकडे आहे. सूर्याची मूर्ती घेऊन निघालेलं गलबत इथे अडलं, नावाड्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि कनका नावाच्या स्त्रीला दृष्टान्त झाला, अशी कथा. ती गुहा देवघळीच्या कड्यात दाखवतात. कड्यावरून खाली दिसणारी ती अर्धगोल चिमुकली पुळण काही वर्षांपूर्वीपर्यंत गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. आता मोबाइलवर सगळ्यांनी पाहिली आहे. आम्ही गेलो तेव्हा कड्यावर तरुणांची रांग होती, पायांत चिप्सची पाकिटं होती, आणि खाली वाळूवर मात्र कुणी उतरत नव्हतं, कारण फोटो वरूनच चांगला येतो. अटीप्रमाणे गाडी थांबायला नको होती. कचरा पाहून मैत्रिणीने ती थांबवली, एक पिशवी भरली आणि तोंडातून अवाक्षर न काढता डिकीत टाकली. त्याच कशेळीच्या सड्यावर जांभ्यात कोरलेला प्रचंड हत्ती आहे, त्याच्या अंगात इतर प्राण्यांची चित्रं आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेलेल्या कोकणातल्या कातळशिल्पांपैकी हे एक. तिथे दोन गुरं चरत होती, बाकी आम्हीच.

आंबोळगडला समुद्र चांगला, किल्ला नावापुरता. पुढे नाट्याचा यशवंतगड आणि जैतापूरची खाडी, आणि पलीकडे माडबन.

माडबनविषयी मला लिहायचं नव्हतं. सुंदर किनाऱ्यांच्या लेखात अणुभट्टी कशाला, असं संपादकांनाही वाटेल. पण या सगळ्या वाटेवर सर्वांत लांब, स्वच्छ आणि रिकामी पुळण कुठली असेल तर ती माडबनची, आणि ती तशी का आहे हे न सांगता तिचं वर्णन करणं लबाडीचं होईल. वर सड्यावर अणुऊर्जा प्रकल्पासाठी घेतलेली जमीन आहे. १६५० मेगावॉटच्या सहा भट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॉट. पुरा झाला तर जगातल्या सर्वांत मोठ्या प्रकल्पांत गणला जाईल. पर्यावरणाची मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये मिळाली. आंदोलन पेटलं. एप्रिल २०११ मध्ये साखरीनाट्याला पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार मारला गेला. त्याला आता दीड दशक होत आलं. वीज अजून तयार झालेली नाही. जमीन गेली, कुंपण आलं, आणि कुंपणाच्या आत सड्यावरचं गवत पावसाळ्यात फुलतं, उन्हाळ्यात वाळतं.

मैत्रीण तिथे बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "इथल्या तीन घरांना मी कलमांची कर्जं दिली होती. कातळ सुरुंगाने फोडून, वरून माती आणून, प्रत्येक खड्ड्यात एक कलम. माती डोक्यावरून आणलेली, बायकांनी." कागदोपत्री ही जमीन पुष्कळदा पड, खडकाळ, नापीक अशी नोंदलेली असते. वरवर बघणाऱ्याला सडा तसाच दिसतो. इथला निवांतपणा सरकारी आहे, एवढं मी वहीत लिहून ठेवलं. खाली वाळूत कासवांच्या घरट्यांच्या पाट्या होत्या.

देवगड तालुक्यात शिरलं की बोली बदलते, आणि तांबळडेगच्या आसपास आमचा मुक्काम पडला तिथे तर आम्हाला दोन वाक्यांमागे एक वाक्य सुटत होतं. कुणकेश्वराकडून मिठबावकडे जाताना मधे ही लांब पुळण लागते. एका टोकाला टेकाडावर गजबादेवीचं देऊळ, मागे सुरूचं बन. घर एका बाईंचं. पडवीत आम्हाला खोली दिली, मागल्या दारी जेवण. त्यांचे यजमान मुंबईत, मुलगा दिव्याला खोली घेऊन राहतो, सून तिथेच नोकरी करते.

"वैनी, तुम्ही एकट्याच असता?" मैत्रिणीने विचारलं.

"एकटी कित्याक? सासू हा, गुरां हत, कोंबडी हत," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "माणसां शिमग्याक येतत."

त्यांच्या हातचं बांगड्याचं तिखलं, त्यातली तिरफळं, तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी हे सगळं सविस्तर लिहावं असं आहे. पण त्या रात्री आमचं बोलणं जेवणावरून आकड्यांवर गेलं. मैत्रिणीला आकडे आवडतात. २००१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या होती १६ लाख ९७ हजार, २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर. देशाची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटले. आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया. हा आकडा इतर ठिकाणी आला असता तर आपण मुलींच्या जन्माबद्दल आनंद मानला असता. इथे त्याचा अर्थ एवढाच की पुरुष गावात नाहीत. गिरण्यांच्या काळापासून हे चालत आलंय. पूर्वी गडी लालबाग-परळला जात, आता दिवा, नालासोपारा, बदलापूर. मनीऑर्डरच्या जागी मोबाइलवरून पैसे येतात.

म्हणजे आम्ही जी शांतता शोधत आलो होतो तिचा बराचसा भाग या कुलपांतून आला होता. रस्ता वाईट, खाडी आडवी, स्टेशन लांब ही कारणं आहेतच. पण तरुण हात गावात असते तर वाळूवर होड्या दिसल्या असत्या, जाळी वाळत असती, क्रिकेट चाललं असतं. मला त्या रात्री माझाच थोडा राग आला. मैत्रिणीला नाही आला. तिचं म्हणणं, पाहुण्याने घरभाडं द्यावं, जेवणाचे पैसे द्यावेत, मोजून जास्त द्यावेत, आणि अपराधी वाटून घेत बसू नये, कारण त्याने वैनींच्या हिशोबात एक रुपयाचीही भर पडत नाही. त्या बाईंना वर्षातून ज्या महिन्यांत पाहुणे मिळतात त्यावर घराची कौलं शाकारली जातात. त्यांना आणखी चार गाड्या आलेल्या हव्या आहेत. आम्हाला नको आहेत. हा तिढा त्या पडवीत सुटला नाही.

दक्षिणेला आचरा लागतं. या गावाची एक प्रथा वाचकांनी ऐकली असेल : गावपळण. साधारण दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असा भेद त्यात राहत नाही. वेशीपलीकडे माळावर, खाडीकाठी झावळ्यांची खोपटी उभी राहतात, चुली पेटतात, रात्री भजनं आणि गप्पा. गावात चिटपाखरू नसतं. तीन दिवसांनी पुन्हा कौल लावतात आणि देवाने परवानगी दिली की लोक घरी परततात. नाही दिली तर मुक्काम वाढतो. सिंधुदुर्गात आणखीही काही गावं ही रीत पाळतात. कारणं कुणी भुताखेतांची सांगतं, कुणी साथीच्या रोगांची. आम्ही गेलो ते गावपळणीचं वर्ष नव्हतं. बाजारपेठ चालू होती आणि मैत्रिणीने तिथे सुक्या बांगड्यांची घासाघीस केली, जी तिला साधली नाही.

आचऱ्यापुढे तोंडवळी, आणि तोंडवळीला लागून तळाशील. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला गड नदीची खाडी, मधे वाळूची लांबट पट्टी, पट्टीवर माड आणि घरं. काही जागी दोन्हीकडचं पाणी एकाच अंगणातून दिसतं. इथे आम्ही सगळ्यात जास्त रमलो, आणि त्याचं कारण रापण.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं प्रचंड जाळं. एका दोराचं टोक काठावर ठेवून होडी समुद्रात अर्धगोल फिरते, जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक काठावर आणते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात आणि तासभर, कधी त्याहून जास्त, दोर ओढत जाळं वाळूवर आणतात. पंचवीस-तीस माणसं तरी हवीतच. होडीवरचा तांडेल पाण्याचा रंग आणि पक्षी बघून जाळं कुठे सोडायचं ते ठरवतो. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा दोर ताणलेले होते. ओढणाऱ्यांत बहुतेक साठीचे, बायका बऱ्याच, शाळेला दांडी मारलेली दोन पोरं. एक म्हातारे आमच्याकडे बघून म्हणाले, "बघतात काय? हात लावा." आम्ही लावला. दोर ओला, खरखरीत, आणि जड इतका की समुद्रच पलीकडून ओढतोय असं वाटावं. पाय वाळूत रोवून मागे मागे सरकायचं, शेवटच्या माणसाने दोर सोडून पुन्हा पुढे पाण्याजवळ जायचं. मैत्रिणीने साडीचा पदर खोचला होता.

जाळं वर आलं तेव्हा तारले, पेडवे, थोडे बांगडे, एक-दोन मोरीची पिल्लं आणि बराच कचरा. फार नव्हतं. मग वाटे पडले. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, तांडेलाचा, ओढणाऱ्या प्रत्येकाचा. जो हात लावतो त्याला मासळी मिळते, मग तो कुणीही असो. आमच्यासमोरही बांगडे आणि तारले ठेवले गेले. मैत्रीण आयुष्यभर जामीन, तारण, सह्या यांत वावरलेली. ती वाटणी संपेपर्यंत बघत होती. कुठे कागद नाही, कुणी मोजून घेत नाही, भांडण नाही. "माझ्या शाखेत एवढं स्वच्छ खातं एकही नव्हतं," ती म्हणाली.

म्हाताऱ्यांनी मात्र कौतुक करून घेतलं नाही. "दोर ओढूक माणसां व्हयी. पोरां सगळी मुंबयक. आणि मासळी तरी खंय गावता?" त्यांचा रोख बाहेर होता. पर्ससीन जाळ्यांनी यांत्रिक नौका मासळीचा अख्खा थवाच घेरून उचलतात. काही जण रात्री पाण्यावर प्रखर एलईडी दिवे लावून मासळी गोळा करतात. थवा किनाऱ्याजवळ यायच्या आधीच संपतो. राज्य सरकारने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर क्षेत्राचे आणि महिन्यांचे निर्बंध घातले, दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आहे, आणि तरीही दर हंगामात मालवणच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार आणि मोठ्या नौका यांच्यात खटके उडतात. कायदा आहे; समुद्रात त्याची राखण करणाऱ्या गस्ती नौका कमी आहेत. माझं मत विचाराल तर या वादात दोन बाजू सारख्या नाहीत. रापणीला जाळ्यात जे आपणहून काठाजवळ आलं तेवढंच मिळतं.

दुसरी भीती जमिनीची. तळाशीलची पट्टी समुद्र खातो आहे. पावसाळ्यात लाटा माडांच्या मुळाशी येतात, काही माड आडवे पडलेले आम्हीही पाहिले. दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे कुठे झाले, कुठे अर्धवट आहेत. जिथे दगड टाकले तिथे घर वाचतं, पण होडी काठाला लावायला आणि रापण ओढायला वाळू उरत नाही. खाडीतल्या वाळूउपशामुळे हे वाढलं असं गावकरी म्हणतात. नदीने आणलेली वाळू किनाऱ्याला मिळायच्या आधी ट्रकमध्ये गेली तर किनारा झिजणारच, हे समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. इथे घर विकायचं तर घेणारा आहे, तोही बाहेरचा. त्याला समुद्रासमोर खोल्या बांधायच्या आहेत.

परतीच्या वाटेवर आम्ही दोघींनी भांडून जे ठरवलं ते इथे लिहिते, कारण दिवाळीनंतर अनेकजण गाड्या काढतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, हवा बरी असते आणि कासवांची पिल्लं बाहेर पडतात. मोठ्या हॉटेलांऐवजी घरात राहा आणि जेवणाचं आदल्या दिवशी सांगा, कारण वैनींना मासळी आणायला लागते. गाडी वाळूवर नेऊ नका. भरतीरेषेच्या वरच कासवांची घरटी असतात. नदी किंवा खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे पाण्यात उतरू नका, तिथली ओढ पोहणाऱ्यालाही घेऊन जाते, आणि या पुळणींवर जीवरक्षक नसतात. कुठे पोहायचं ते वाडीत विचारा, खरं सांगतात. रापण चालू दिसली तर फोटो काढण्याआधी दोराला हात लावा. मिळालेली मासळी घ्या, नाही म्हणू नका. आणि शिमग्याच्या आठवड्यात खोल्या मागू नका. तेव्हा त्या घरांत घरची माणसं आलेली असतात.